मधमाशी दिसली पाहिजे

अनुभव लिहायचे तर माणसाचे केस पांढरे झालेले असावेत, असा एक समज दिवाळी अंकांनी पसरवून ठेवला आहे. मी त्याचा जाहीर निषेध करतो. माझं वय एकोणतीस. धंदा व्हिडिओ शूटिंगचा, मुक्काम पांढुर्णा. या पाच-सहा वर्षांत मी इतकी लग्नं पाहिली आहेत की माझ्या वाट्याची अक्कल मला वयाच्या आधीच मिळून गेली आहे. ती कशी मिळाली, तेवढं सांगतो.

या धंद्याआधी मी पर्चे, म्हणजे छापील पत्रकं, काढायचो. नळाला पाणी नाही, काढा पर्चा. सौंसरची बस माणसं कोंबून जाते, काढा पर्चा. रेशनची साखर संपते ती नेमकी कुणाच्या चहात जाऊन संपते, काढा पर्चा. पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत प्रश्न, खाली सात मागण्या. सातातली एखादी मान्य व्हायची, तीही उन्हाळा संपल्यावर. पण त्यामुळे गावात माझं नाव कुणी घेत नाही, 'पर्चेवाला' म्हणतात. कॅमेरा घेऊन मांडवात शिरलो की बायका अजून म्हणतात, आला बाई पर्चेवाला, आता कोनाची खैर नाही.

दुकान सुधाकरचं. तो माझा शाळेतला दोस्त. आधी रेडिओ दुरुस्त करायचा. रंगीत टीव्ही आले तसा त्यानं नागपूरहून एक कॅमेरा आणि दोन व्हीसीआर आणले, आणि दुकानात बोलायला एक तोंड पाहिजे म्हणून मला भागीदार केलं. हे शब्द त्याचेच. दुकान स्टेशनच्या रस्त्यावर आहे. मालगाडी गेली की टेबलावरच्या कॅसेटी आपोआप बोटभर सरकतात. सुरुवातीच्या दिवसांत कॅमेरा खांद्यावर, रेकॉर्डर बगलेत लटकवलेला आणि मागे दिव्याची लांब वायर, असे आम्ही निघायचो, तेव्हा नवरदेवापेक्षा आमचीच वरात मोठी दिसायची.

आता बाहेरच्या वाचकासाठी धंदा सांगतो. नीट ऐका, पुढे काम पडेल.

कॅसेट तीन तासांची येते. लग्नात आम्ही भरतो ती मूळ कॅसेट. मग दुकानात एका मशीनवर मूळ लावायची, दुसऱ्यावर कोरी, आणि हवं तेवढं उतरवून घ्यायचं. ही उतरवलेली कॅसेट गिऱ्हाइकाला जाते. कॅमेऱ्याला एकच गती. पण दुकानातल्या मशीनला दोन. पूर्ण गतीवर उतरवलं तर तीन तासांच्या कॅसेटीत तीन तास बसतात. अर्ध्या गतीवर ठेवलं तर फीत सावकाश सरकते आणि त्याच कॅसेटीत सहा तास बसतात. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, फुकटात दुप्पट. इथंच माझं डोकं फिरतं. फुकटात दुप्पट काही मिळत नसतं. चित्रातून शालूची जर आधी जाते, मग काठ जातो, शेवटी नवरीच्या तोंडावर दह्याचा थर चढल्यासारखा दिसतो. आणि त्या उताऱ्यावरून आणखी उतारा काढलात, तर नवरी कोण आणि करवली कोण, हे उंचीवरून ओळखायचं.

पांढुर्ण्याच्या माणसाला मी असं समजावतो. जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधता ना? गाठ सोडली की कापूस पुन्हा फुलतो. चित्र एकदा दाबलं की फुलत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. सौंसरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी मी ते भर बैठकीत शिकलो. त्यांच्या मुलाचं लग्न साडेपाच तास भरलं होतं आणि एकाच कॅसेटीत पाहिजे होतं. दिलं अर्ध्या गतीवर. दोन दिवसांनी निरोप आला, ताबडतोब या. गेलो तर बैठकीत पन्नास माणसं, आणि पडद्यावर नवरदेव धावत-धावत मांडवात शिरतो आहे. भटजी चिमणीच्या आवाजात मंत्र म्हणतो आहे. अक्षता गारांसारख्या पडताहेत. त्यांची मशीन जुनी, तिला एकच गती ठाऊक. अर्ध्या गतीवर भरलेलं ती दामदुपटीनं सोडत होती. व्यापारी रागानं लाल, पण त्यांच्या म्हाताऱ्या आई हसून-हसून गादीवर आडव्या झाल्या होत्या. म्हणाल्या, राहू द्या असंच, येवढ्या लवकर आटपलेलं लग्न मी जन्मात पाह्यलं नाही.

आम्ही दुसरी कॅसेट करून दिली. दोन भागांत, पूर्ण गतीवर. आणि घरी येताना बसमध्येच मी पर्च्याचा मजकूर लिहिला.

पर्च्याचं नाव होतं 'लग्नवाल्यांनो, डोळे उघडा'. मागण्या पाच. अर्ध्या गतीची कॅसेट नाकारा. उताऱ्यावरचा उतारा नाकारा. मूळ कॅसेट कुणालाही पुसू देऊ नका. कॅसेट ऊन आणि धुळीपासून जपा. आणि पाचवी, कॅसेट हाती येताच तिच्या पाठीवरची जिभली तोडा. जिभली म्हणजे कॅसेटीच्या कडेला असलेली नखाएवढी प्लास्टिकची पट्टी. ती मोडली की त्या कॅसेटीवर पुन्हा काही भरता येत नाही. आहे ते कायम राहतं. प्रत्येक कॅसेटीच्या डब्यात मी हा पिवळा कागद घडी करून टाकू लागलो.

सुधाकरनं कपाळावर हात मारला. म्हणाला, "गिऱ्हाइकानं दुकानदारावर भरोसा ठेवू नये, हे दुकानदारच लेहून देऊन राहिला. असं दुकान नागपुरात बी नसन."

लोकांनी पर्च्यात सुपारी बांधली. मी स्वतः पाहिलं आहे.

तुम्ही म्हणाल, तीन तासांत लग्न बसत का नाही? लग्न बसतं हो. आहेर बसत नाही. आमच्याकडे आहेराचा माईकवरून पुकारा होतो, अमक्या गावच्या तमक्यांकडून एक स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं. आता तो गंज धरून तमके कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहणार, आणि मी त्यांचं तोंड पुरतं घेतल्याशिवाय हलणार नाहीत. एका गृहस्थांनी टॉवेल-टोपी देऊन झाल्यावर ती परत मागून घेतली आणि पुन्हा दिली, कारण पहिल्या वेळी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. असे दीड तास. त्यातला एक माणूस सुटला तर दोन खानदानांचं बोलणं बंद होतं. नवरीचं रडणं कापा, चालतं. आहेर कापा म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

मग कौसल्यामावशी आल्या.

त्या मोहगावच्या, आटाचक्की चालवतात. चक्कीच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे साधं 'राम राम' म्हटलं तरी समोरचा दचकतो. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या दुकानात उभ्या राहून म्हणाल्या, कॅसेट एकच पाहिजे, त्यात सगळं बसलं पाहिजे, आणि पोरीचं तोंड साफ दिसलं पाहिजे. मला तर पर्चा तोंडपाठ. मी सुरू झालो. मावशी, एक तर बसेल, नाही तर दिसेल. दोन्ही मागणं हा अन्याय आहे, तुमच्यासारख्यांच्या अशा मागण्यांमुळेच धंदा बुडतो, वगैरे. आवाज चढला होता. आज आठवलं की लाज वाटते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "झालं भाषन?"

"झालं."

"आहेर काहाडून टाक."

सुधाकरनं हातातली पक्कड खाली ठेवली. मी म्हणालो, मावशी, लोक काय म्हणतील?

"कोनं काय देलं थे मले पाठ हाय," त्या म्हणाल्या. "पोरगी का पुन्हा नवरी होनार हाय?"

धंद्याचं मर्म मला दोन वर्षांत जे सापडलं नव्हतं ते या बाईनं उभ्या-उभ्या सांगितलं. काय ठेवायचं हे ठरवायचं असेल तर आधी काय सोडायचं ते ठरवा. पण तेव्हा मी ते ऐकलं आणि विसरलो. पर्चे काढणाऱ्याची ही एक खोड असते. दुसऱ्याचं ऐकताना तो आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आम्ही वामनकाकांच्या संत्र्याच्या बगीच्यात शूटिंग केलं होतं. वामनकाका माझ्या वडिलांचे दोस्त, बगीचा मोहगावच्या शिवारात. आम्हाला ठेवणीतले शॉट पाहिजे होते. ठेवणीतले म्हणजे काय, तर प्रत्येक लग्नात जोडायला लागणारे. सुरुवातीला जामसांवलीच्या देवळाचा कळस, पाहुणे येताना पांढुर्णा स्टेशनात शिरणारी गाडी, मधेच मांडवातले दिवे गेले तर ती फट बुजवायला फुलं-पाखरं. हे दर वेळी कोण भरत बसेल? एकदा छान भरून ठेवायचं आणि जन्मभर वापरायचं.

झाडं अशी फुलली होती की पान दिसत नव्हतं. काका धोतर सावरत माझ्या पुढे-पुढे, हे घे, ते घे. एका झाडापाशी थांबून त्यांनी गंभीरपणे विचारलं की झाडाले हस म्हनून सांगू का. मग म्हणाले, वास येईन का रे कॅसेटीत? मी म्हटलं, नाही काका.

"मंग अर्धंच काम हाय तुमचं," काका म्हणाले.

सहा मिनिटं भरली. त्या उन्हाळ्यात तीन लग्नांच्या कॅसेटींत मूळ कॅसेटीवरून थेट तो बगीचा टाकला. एक सौंसरचं, एक पांढुर्ण्याचं, एक कौसल्यामावशींच्या मुलीचं.

पावसाळ्याआधी सुधाकर म्हणाला, पुढच्या सीझनला कोऱ्या कॅसेटी लागतील, मूळवाल्या अडकून पडल्या आहेत, त्या मोकळ्या कर. तर सगळे ठेवणीतले शॉट एकाच कॅसेटीत गोळा करायचे ठरले. कळस, गाडी, सूर्य, पोपट, बगीचा, मिळून पाच तासांच्या वर. कॅसेट एक. यातलं काय सोडायचं? पोपट सोडवत नव्हता. गाडी सोडवत नव्हती. माझं बोट गेलं आणि अर्ध्या गतीच्या बटणावर पडलं. त्या वेळी मला स्वतःचा एकही पर्चा आठवला नाही. आणि मूळ कॅसेटींवर पुढच्या हंगामात दुसरी लग्नं भरली. पाचांतल्या दोन मागण्या मी स्वतःच पायदळी तुडवल्या. या कृत्याचा मी इथं, या अंकात, पहिल्यांदाच निषेध नोंदवतो आहे.

दुसऱ्या वर्षी वामनकाकांच्या झाडांना डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक वाहायला लागला, शेंडे वाळले. काकांनी वाट पाहिली, औषधं घातली, आणि शेवटी एका आठवड्यात सगळा बगीचा स्वतः उभं राहून तोडून घेतला. त्या जागेपासून हटून वरच्या वावरात नवीन कलमं लावली. कुणी विचारलं तर म्हणत, लेकरं लहान हायेत, मोठे होतीन.

त्यानंतर पुढच्या एप्रिलात नागपूरचे एक साहेब दुकानात आले. शेतकऱ्यांसाठी संत्र्यावर माहितीपट काढत होते, तो टीव्हीवर दाखवणार होते. सौंसरला नात्यातल्या घरी त्यांनी लग्नाची कॅसेट पाहिली, त्यात तो बगीचा. म्हणाले, कॅसेट फार चालवून-चालवून झिजली आहे, रेघा येतात, पण असा फुलोरा मी पाहिला नाही. यंदाचा बहर आता संपला. तुमच्याकडे मूळ असेलच?

"असेल म्हणजे?" मी म्हणालो. "मूळ कॅसेटीसाठी मी पर्चे काढलेत साहेब."

आणि एक पर्चा काढून त्यांच्या हातात दिला. पंधरा दिवसांत कॅसेट नागपूरला पाठवायचं कबूल केलं. मग लगोलग मोपेडवरून मोहगाव गाठून वामनकाकांना सांगितलं. काका हात-पाय धुवून, टोपी बदलून बाजाराला निघाले. बाजाराचा दिवस नव्हता. तरी निघाले. संध्याकाळपर्यंत चार गावांना माहीत झालं की वामनरावचा बगीचा टीव्हीवर येऊन राहिला. लोक चिडवायलाही लागले. तोडलेला बगीचा कसा दाखवतीन, काका? खुंट दाखवतीन का? काका म्हणायचे, पाहसान ना.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली कॅसेट लावली.

दोन हंगाम आम्ही ती लग्नांत वापरत होतो, पण फट बुजवण्यापुरती, चार-चार सेकंद. सहा मिनिटं एकटक कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. हिरवं काहीतरी होतं, त्यावर पांढरं काहीतरी होतं. ताक सांडल्यासारखं. साहेबांना ते आवडणं शक्य नव्हतं. सौंसरची झिजकी कॅसेट त्यापेक्षा बरी होती. सुधाकर म्हणाला, आता तुह्याच विरोधात पर्चा काढ.

मी काकांकडे गेलो. लपवाछपवी मला जमत नाही, हा माझा गुण नसून आळस आहे. ते एका कलमाचं आळं सारखं करत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मूळ पुसली, दाबून भरलेली उरली, तिच्यात काही दिसत नाही. काका खुरप्यानं माती ओढत राहिले. आळं पूर्ण झालं तेव्हा वर पाहिलं.

"मले वाटे बगीचा डिंक्यानं नेला," ते म्हणाले. "अर्धा त्यानं नेला. अर्धा तुनं."

माझ्यावर आजवर झालेल्या टीकेत एवढी थोडक्यात आणि एवढी बरोबर टीका दुसरी नाही.

मग तेच उठले, धोतर झटकलं आणि विचारलं की दुसरीकडं कुठं असन का? तेव्हा मला ती तीन लग्नं आठवली. त्या कॅसेटी थेट मूळवरून काढलेल्या, पूर्ण गतीवरच्या. सौंसरची झिजली होती. राहिल्या दोन.

पांढुर्ण्याचं घर कापड दुकानदाराचं. वामनकाका मोपेडवर माझ्यामागे, टोपी हातात धरून. त्या मंडळींनी आमचं फार अगत्यानं केलं, मुलाच्या लग्नाची कॅसेट लावली, सून चहा घेऊन आली. कळस आला, वरात आली, आता बगीचा येणार, मी पुढे सरकून बसलो, आणि पडद्यावर अचानक दोन माणसं एकमेकांना गोदामात आपटायला लागली. हिंदी सिनेमा. कुणीतरी टीव्हीवरचा सिनेमा लग्नावर भरला होता. जिभली शाबूत. सासूबाई मुलाकडे पाहू लागल्या, मुलगा बापाकडे, सुनेनं कप खाली ठेवला. मी पर्च्यातली पाचवी मागणी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण काकांनी गुडघा दाबला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मारामारी लग्नाच्या मागूनच होते रे. यायनं कॅसेटीत बी तशीच ठेवली." आणि रस्त्यात उभे राहून इतके हसले की मलाही हसू आलं. ती ठेवणीतली कॅसेट पाहिल्यापासून पहिल्यांदा.

मोहगावची मला आशा नव्हती. मावशींच्या घरी टीव्ही नाही, व्हीसीआर नाही, वर चक्कीचं पीठ. पीठ हा कॅसेटीचा शत्रू. तरी दुसऱ्या दिवशी व्हीसीआर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी बसनं गेलो. काका थांब्यावर उभे होते. टीव्ही शेजारच्या मास्तरांकडून मागून आणला. कॅमेरावाला आला म्हणून अर्धी गल्ली मागे आली.

मावशींनी वरच्या फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, त्यात मुलीच्या लहानपणच्या परकराच्या कापडात गुंडाळलेली कॅसेट, आणि कॅसेटीवर घडी केलेला पिवळा कागद. माझा पर्चा. घडीवर विरला होता, पण अक्षरं शाबूत होती. मी कॅसेट उलटी केली. जिभली नव्हती.

"तुनंच लेहलं होतं ना?" मावशी म्हणाल्या. "पोरगी माहेरी आली तवा तिनं वाचून दाखवलं. तोड म्हने, तोडली."

एवढ्या वर्षांत एवढे पर्चे काढले. कुणीतरी पूर्ण वाचून, पाचही मागण्या पाळल्याचं हे एकच उदाहरण माझ्या हाती आहे. आणि तेव्हा मी मात्र खाली मान घालून वायर जोडत होतो.

कॅसेट त्यांनी आजवर एकदाच पाहिली होती, व्याह्यांनी मशीन आणली तेव्हा. त्यामुळे ती नवीच होती. लग्न सुरू झालं. मुलीचं तोंड आलं. नथीतला मोती वेगळा दिसत होता, कपाळावरचा घाम दिसत होता. गल्लीतल्या बायका पुढे सरकल्या. मावशी हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत राहिल्या, पुसून झालं तरी पुसत राहिल्या. मुलगी सासरी गेली, मोटर दिसेनाशी झाली. आणि मग बगीचा आला.

चार सेकंद नाही. सगळाच्या सगळा. मला तोवर आठवणच नव्हती. आहेर काढला म्हणून त्या कॅसेटीत जागा उरली होती, आणि कोरी जागा सुटू नये म्हणून मी शेवटी सहाही मिनिटं तशीच्या तशी टाकून दिली होती.

पान दिसत होतं, पाकळी दिसत होती. पाकळीवर काहीतरी हललं. वामनकाका इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते, ते गुडघ्यांवर पुढे आले.

"थांब," ते म्हणाले. "हे पाह्य. मधमाशी."

मी कॅसेट थांबवली नाही, पुढेच जाऊ दिली. फुलाफुलावर मधमाश्या होत्या. काका पडद्याला बोट लावून एकेक झाड सांगायला लागले. हे वाकडं, हे बायकोनं लावलेलं, याला दरसाल उशिरा फूल यायचं, याचा संत्रा कुणाला विकला नाही, घरीच खाल्ला. सहा मिनिटं ते बोलत होते आणि कुणी त्यांना अडवलं नाही. संपल्यावर ते मागे वळले, तेव्हा तोंडभर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांना दोन्हीचं भान नव्हतं.

मावशी मला म्हणाल्या, "मले वाटे हे फुलं तू माह्या पोरीसाठी टाकले."

खरं बोलायचं तर रिकामी जागा बुजवायला टाकली होती. पण माझ्याआधी काकाच बोलले.

"पोरीसाठीच हाय थे बाई. बगीचा माहा, फुलं तिचे."

कॅसेट मात्र घराबाहेर जाणार नाही, असं मावशींनी स्पष्ट सांगितलं, आणि चौथ्या मागणीप्रमाणे ते योग्यच होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सुधाकर दुसरी मशीन घेऊन मोहगावात आला, आणि उताऱ्यावरचा उतारा नाकारा ही माझी दुसरी मागणी एका दिवसापुरती गुंडाळून ठेवली. चक्की सुरू असली की विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि चित्र थरथरतं. मावशींनी भर दळणाच्या वेळी चक्की बंद केली. गव्हाच्या पिशव्या घेऊन आलेल्या बायका ओट्यावर बसून राहिल्या. कुणी कुरकुर केली की मावशी आतून ओरडायच्या, अन् ओरडल्यावर आम्हीच दचकायचो.

तीन तासांची कोरी, नवी, चांगल्यातली कॅसेट. पूर्ण गती. सहा मिनिटं उतरवली आणि मी मशीन बंद केली. सुधाकर हळहळला. म्हणाला, येवढी जागा उरली, कळस टाक, गाडी टाक, साहेबाले आवडन. मी म्हटलं, नाही. सहा मिनिटं, बाकी कोरी. सुधाकरच्या मते माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत छोटं भाषण.

साहेबांनी त्यातला वीस-बावीस सेकंदांचा भाग घेतला. माहितीपट दुपारी लागला, तेव्हा मोहगावात मास्तरांच्या ओसरीवर उभं राहायला जागा नव्हती. चिडवणारेही आले होते. बगीचा आला आणि गेला. मधमाशी दिसली का? मला दिसली. इतरांचं मी सांगत नाही. खुंटावरून बोलणारा एक जण म्हणाला, काका, लवकर गेला. काका म्हणाले, तू उशिरा आला.

तेव्हापासून दुकानात मूळ कॅसेट पुसली जात नाही. कपाट भरलं, मग सुधाकरच्या घरची माडी भरली. त्याची बायको बोलते, तिचंही चूक नाही. अर्ध्या गतीच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून टाकली आहे. जे गिऱ्हाईक तरीही एकाच कॅसेटीत सगळं मागतं, त्याला आता मी भाषण देत नाही. विचारतो, आहेर काढू का? बहुतेक जण दुसरी कॅसेट घेतात.

यंदाच्या फेब्रुवारीत काकांचा निरोप आला, कॅमेरा घेऊन ये. नव्या कलमांना पहिल्यांदा फूल आलं होतं. एवढ्या लहान झाडावर फूल ठेवत नाहीत, तोडून टाकतात. नाही तर झाडाचा जोर फुलात जातो. काकांनी सगळं तोडलं होतं. एका झाडाची एक फांदी फक्त ठेवली होती, माझ्यासाठी. फुलं मोजून अकरा.

मी तीन तासांची कोरी कॅसेट लावली. अकरा फुलांना. सुधाकरला हे अजून माहीत नाही, आता वाचेल. काकांनी कॅमेऱ्याच्या बाजूला पोतं अंथरलं आणि आम्ही दोघं मधमाशीची वाट पाहत बसलो. ऊन चढलं, काकूंनी भाकरी पाठवली, ती खाल्ली. मी म्हटलं, काका, फुलं तर भरून झाली, निघू का?

"बस ना," काका म्हणाले. "येऊन राहिली असन."

आली. एकच आली, सगळ्यात खालच्या फुलावर बसली, आणि निवांत बसली. ती उडेपर्यंत भरून घेतली, मग मी कॅसेट बाहेर काढली आणि तिथंच बांधावर तिची जिभली मोडली. काकांनी तो नखाएवढा तुकडा माझ्या हातातून घेतला, टोपीच्या घडीत ठेवला आणि टोपी पुन्हा नीट बसवली.